लग्नाचा कागद कोणत्या भाषेत?



मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक झाली. हप्त्यांचा हिशेब संपला, चहा झाला, आणि आमच्यातल्या एका भाभींनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. त्यांच्या बहिणीच्या मुलीचा निकाह ठरला आहे. मुलगा आखातात नोकरीला आहे. त्याच्या घरच्यांनी निकाहनाम्याचा मसुदा पाठवला होता. अर्धा उर्दूत, अर्धा अरबीत. भाभींच्या सासूबाई रोज कुराण वाचतात, म्हणून कागद आधी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी अक्षरे सरसर वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "वाचता येतं गं, पण अर्थ नाही लागत." मग भाभींनी आम्हाला विचारलं, "अरबी येणारा वकील कुठं मिळेल?"

एकजण म्हणाली, "आपलं ऐकून घेणारा मराठी वकील मिळायची मारामार, अरबीवाला कुठून आणायचा?" सगळ्या हसल्या. भाभी मात्र हसल्या नाहीत. मुलीचं अख्खं आयुष्य त्या कागदावर होतं आणि घरात कोणाला तो कळत नव्हता.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. जाणकारांना विचारलं, पुस्तकं चाळली, जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आलो. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो. ज्या भगिनी मुसलमान नाहीत त्यांनीही रेडिओ बंद करू नये. ही गोष्ट फिरत फिरत तुमच्याही दारात येणार आहे.

पहिली गोष्ट अशी, की अरबी आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. 'वकील' हाच शब्द अरबी आहे. कायदा, हक्क, करार, कबूल, अर्ज, तारीख, मुदत, रक्कम, हिशेब, वसूल, जामीन, वारस, नक्कल हे सगळे शब्द अरबीतून आले. तालुका आणि जिल्हा हेसुद्धा तिकडचेच. कागद आणि दस्त फारसीतले. आपला वऱ्हाड 1853 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथला सरकारी कारभार फारसीत चाले. त्याआधीही शेकडो वर्षे दख्खनच्या सुलतानांचे आणि मोगलांचे बरेच कागद फारसीत लिहिले जात. त्यामुळे सातबाऱ्यासाठी भांडणारी आपली आजी दिवसातून पन्नास वेळा अरबी-फारसी शब्द बोलत होती. शब्द आपल्या तोंडी आले, पण कागद वाचायची विद्या बायकांच्या हाती आली नाही.

दुसरी गोष्ट निकाहची. मुस्लिम कायद्यात लग्न हा दोन माणसांमधला करार आहे. एकाने प्रस्ताव ठेवायचा, त्याला इजाब म्हणतात. दुसऱ्याने स्वीकारायचा, तो कबूल. साक्षीदार असतात आणि मेहर ठरते. करार म्हटला की अटी आल्या, आणि अटी घालण्याचा हक्क बाईलाही आला. ही काही आजकालच्या शिकलेल्या पोरींनी काढलेली टूम नाही. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या ट्युनिशियात, कैरवान नावाचं जुनं शहर आहे. तिथल्या लग्नाच्या करारात नवऱ्याने दुसरी बायको करायची नाही, आणि केली तर पहिलीला मोकळं होता येईल, अशी अट घालायची रीत फार जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या शेजारच्या सुरतेला या. मोगलांच्या काळात सुरत मोठं बंदर होतं. सतराव्या शतकातले तिथले काही निकाहनामे फारसीत लिहिलेले सापडले आहेत. इतिहासकार शिरीन मूसवी यांनी त्यांचा अभ्यास केला. त्या कागदांत चार अटी पुन्हा पुन्हा येतात. नवरा दुसरी बायको करणार नाही. बायकोला मारहाण करणार नाही. खर्चाची तजवीज केल्याशिवाय ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त काळ घर सोडून राहणार नाही. आणि घरात दासी ठेवून तिच्याशी संबंध ठेवणार नाही. अट मोडली तर पुढे काय, तेही लिहिलेलं असे, आणि बाईला त्या लग्नातून सुटण्याची वाट असे. लक्षात घ्या, हे राजेरजवाड्यांचे कागद नव्हते. त्यांत साधी, कष्टाची माणसंही होती. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कोण्या बापाने, कोण्या मामाने, किंवा त्या बाईनेच काझीपुढे बसून "मारणार नाही असं लिहा" म्हटलं असेल, तेव्हाच ते कागदावर आलं.

मग ही रीत गेली कुठे? ती पूर्ण गेली नाही, पण पातळ झाली. पूर्वी काझी म्हणजे न्यायाधीश. लग्नाचे, वारसाचे तंटे त्याच्यापुढे चालत आणि कागदही त्याच्याकडे राहत. इंग्रज आले आणि न्यायनिवाडा त्यांच्या न्यायालयांकडे गेला. काझीकडे राहिलं ते लग्न लावणं आणि वहीत नोंद करणं. 1880 साली काझींबद्दलचा एक कायदा झाला. त्यात सरकारने काझी नेमण्याची सोय केली, पण काझी हजर असल्याशिवाय निकाह होत नाही असं काही त्या कायद्याने ठरवलं नाही, आणि काझीला निवाड्याचे अधिकारही दिले नाहीत. हळूहळू निकाहनामा म्हणजे छापील फॉर्म झाला. नाव, बापाचं नाव, मेहरची रक्कम, साक्षीदारांच्या सह्या. अटींची जागा कोरी राहू लागली आणि पुढे ती जागाच छापेनाशी झाली.

न्यायालये मात्र करार मानत होती. 1886 साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी मुस्लिम लग्न हा दिवाणी करार आहे, असं आपल्या निकालात मांडलं. तो निकाल आजही वकिलीच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. 1950 साली कलकत्ता उच्च न्यायालयाने एका बाईच्या बाजूने निकाल दिला. नवऱ्याने करारात तलाकचा अधिकार तिला दिला होता, अट मोडल्यावर तिने तो वापरला, आणि न्यायालयाने तो मानला. या अधिकाराला 'तलाक-ए-तफवीज' म्हणतात. तफवीज म्हणजे सोपवणं. नवरा आपल्या हातातला अधिकार काही अटींवर बायकोकडे सोपवतो. तिला त्यासाठी नवऱ्याच्या पाया पडावं लागत नाही.

आता आमच्या भाभींच्या प्रश्नाकडे येऊ. अरबी येणारा वकील. भगिनींनो, असा एक वकील आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचं नाव असफ अली असगर फैजी. 1899 साली माथेरानला जन्म. केंब्रिजला जाऊन शिकले. अरबीचे गाढे अभ्यासक. मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली, मग मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. देश स्वतंत्र झाल्यावर भारताचे राजदूत म्हणून इजिप्तला गेले. शेकडो वर्षांपूर्वीचा इस्लामी कायद्याचा एक अरबी ग्रंथ त्यांनी संपादून कैरोत छापला. आणि 1949 साली इंग्रजीत मुस्लिम कायद्याची रूपरेषा सांगणारं पुस्तक लिहिलं. ते पुस्तक आजही न्यायालयात काढून वाचतात. लग्नाच्या करारात कोणत्या अटी चालतात आणि कोणत्या चालत नाहीत, याची चर्चा त्यात आहे. अरबीत काय लिहिलं आहे हे त्यांना मुळातून कळत होतं. तरी त्यांनी ते अरबी न येणाऱ्या न्यायाधीशांना आणि वकिलांना कळेल असं उलगडून ठेवलं. त्यामुळे आज खामगावच्या किंवा मेहकरच्या वकिलाला अरबी यायची गरज राहिलेली नाही. कायदा त्याच्या भाषेत आला. राहिला तो आपल्या भाषेत यायचा.

एका अक्षराने काय होतं, ते ऐका. मेहर दोन प्रकारची असते. एक लगेच द्यायची, बायकोने मागितली की द्यावीच लागते. दुसरी पुढे द्यायची, म्हणजे तलाक झाला किंवा नवरा वारला की तेव्हा. पहिलीला म्हणतात 'मुअज्जल'. दुसरीलाही म्हणतात 'मुअज्जल', काहीजण 'मुवज्जल' म्हणतात. अरबी लिपीत पहिल्या शब्दात 'ऐन' हे अक्षर आहे आणि दुसऱ्यात 'वाव'वर 'हम्जा'. अरबांच्या तोंडी फरक स्पष्ट कळतो. आपल्या तोंडी दोन्ही सारखेच. पहिल्याचा अर्थ घाईचं, दुसऱ्याचा मुदतीचं. आता सांगा, निकाहच्या गर्दीत, डोईवर ओढणी घेऊन आतल्या खोलीत बसलेल्या मुलीला कोणी "मेहर मुअज्जल, कबूल आहे?" असं विचारलं, तर तिने काय समजायचं? आमच्याच ओळखीतल्या एका बहिणीला नवऱ्याने मेहर मागितल्यावर सांगितलं, "ती तर नंतरची आहे." कागदावर एकच शब्द होता, तोही पुसट. तिने अठरा वर्षं संसार केला आणि त्या एका शब्दाचा अर्थ तिला माहेरी परत आल्यावर कळला.

कागदात प्रकार लिहिलाच नसेल, तर सुन्नी कुटुंबांत न्यायालय रूढी आणि घरची परिस्थिती बघून लगेचची किती आणि पुढची किती ते ठरवतं. म्हणजे पुन्हा वाद, पुन्हा तारखा. मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे, हेही लक्षात ठेवा. नवरा वारला तर वारसांत वाटणी होण्याआधी हे कर्ज फेडायचं असतं. मयताजवळ रडत बसलेल्या बाईला "मेहर माफ कर, त्याला सुटू दे" असं म्हणायला लावतात. तिने मनापासून माफ केली तर तो तिचा प्रश्न. पण तिच्याकडून ते वदवून घेणं हा काही धर्म नाही. मेहर आणि हुंडा यांतही गल्लत नको. हुंडा मुलीकडून जातो आणि 1961 पासून तो गुन्हा आहे. मेहर मुलीला मिळते, आणि हुंडाबंदीच्या कायद्याने मेहरला त्यातून स्पष्ट वगळलं आहे.

आता ज्या भगिनी म्हणत असतील, "हे त्यांचं झालं, आमचं काय?", त्यांना आम्ही आपल्याच बुलढाण्याची आठवण करून देतो. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे, सत्यशोधक समाजाशी जोडलेले. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर खटला झाला. लोकलाजेच्या भीतीने तिने आपलं मूल मारलं होतं. तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करून काळ्या पाण्याची झाली. वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीवर आग पाखडली. ताराबाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी 'स्त्री पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं आणि 1882 साली ते पुण्यात छापलं गेलं. एकच चूक असताना बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा का, हा त्यांचा सवाल होता. लोकांनी टीका केली. महात्मा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक विस्मरणात गेलं आणि 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. जिल्ह्यातल्या किती शाळांत पोरींना हे नाव माहीत आहे, ते एकदा विचारून बघा.

आणि फुल्यांनी लग्नाचं काय केलं? 24 सप्टेंबर 1873 ला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. भटजी नाही, कर्मकांड नाही. त्यांनी मंगलाष्टकं मराठीत रचली. त्यांत नवरा-नवरी एकमेकांशी बोलतात. नवरी स्त्रियांच्या हक्काचं मागते आणि नवरा वचन देतो. त्याआधी मांडवात काय म्हटलं जातं ते ना नवरीला कळत होतं ना नवऱ्याला. संस्कृतात वचनं दिली जात आणि मराठीत संसार होई. भाभींच्या सासूबाई जे म्हणाल्या तेच आपल्या आजीलाही म्हणता आलं असतं. वाचतात, पण अर्थ नाही लागत.

फुल्यांनी लावलेली ही वाट पुढे मुसलमान समाजातही आली, आणि नावासकट आली. चिपळूणजवळच्या मिरजोळी गावचे हमीद दलवाई. 18 एप्रिल 1966 ला त्यांनी सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेला. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. फक्त सात बायका. पण रस्त्यावर आलेल्या त्या सात बायकांची आठवण आजही निघते. 22 मार्च 1970 ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. दलवाई 1977 मध्ये गेले, चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा दलवाई यांनी आणि सय्यदभाईंसारख्या कार्यकर्त्यांनी काम पुढे नेलं.

धर्माच्या विद्वानांनीही या दुखण्यावर विचार केला होता. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला देवबंदी परंपरेतले मोठे मौलाना अशरफ अली थानवी यांनी एक पुस्तक लिहिलं. नवरा नांदवतही नाही आणि सोडतही नाही, अशा कोंडीत अडकलेल्या बायकांना वाट कशी काढून द्यायची, हा त्याचा विषय होता. त्यांनी सुचवलेला एक उपाय हाच होता, की निकाहच्या वेळीच करारात तफवीज लिहून घ्यावी. पुढे 1939 साली मुस्लिम विवाह विच्छेदाचा कायदा झाला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं पोटगी देत नसेल, छळ करत असेल, अशा कारणांवरून बाईला न्यायालयातून फारकत मागता येऊ लागली. हा कायदा आजही लागू आहे.

त्यानंतरचं तुम्ही ऐकून असाल. 1985 चा शाहबानो निकाल, 1986 चा कायदा, 2001 मध्ये डॅनियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा लावलेला अर्थ, की इद्दतच्या मुदतीतच बाईच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद करायला हवी. 22 ऑगस्ट 2017 ला शायराबानो खटल्यात एका दमात दिलेला तीन तलाक रद्द झाला. 2019 मध्ये तसा तलाक देणं गुन्हा ठरला. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही इतर बायकांप्रमाणे फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते. हे सगळे निकाल संसार मोडल्यावरचे आहेत. निकाहनामा संसार सुरू होण्याआधीचा आहे. म्हणून संघटनांनी नमुन्याचे निकाहनामे काढले. 2005 मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने एक काढला, पण तो बायकांसाठी पुरेसा नाही असं अनेक महिला संघटनांना वाटलं. 2008 मध्ये बायकांच्या वेगळ्या पर्सनल लॉ बोर्डाने आपला काढला. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने 2014 मध्ये कायद्याचा मसुदा मांडला. त्यात मेहर किमान नवऱ्याच्या एका वर्षाच्या उत्पन्नाएवढी असावी असं म्हटलं आहे. याच संघटनेने मुंबईत बायकांना काझी होण्याचं शिक्षणही दिलं.

शेजारच्या देशांत बघा. पाकिस्तानात 1961 च्या कायद्यानंतर निकाहनाम्याचा ठरलेला फॉर्म आला. त्यातला 18 वा रकाना विचारतो, नवऱ्याने तलाकचा अधिकार बायकोकडे सोपवला आहे काय? आणि पुष्कळदा काय होतं, तर निकाह लावणारा तो रकाना मुलीला न विचारताच काट मारून टाकतो. फॉर्म चांगला असून भागत नाही. सही करणारीला तो वाचून दाखवावा लागतो.

आपल्या शेजारच्या गोव्यात आणखी वेगळी तऱ्हा आहे. तिथे पोर्तुगीजांच्या 1867 च्या नागरी कायद्याचा वारसा आहे आणि तो सर्व धर्मांना लागू होतो. लग्नाआधी दोघांना सरकारी नोटरीपुढे मालमत्तेचा करार करता येतो. केला नाही, तर सर्वसाधारणपणे मालमत्ता दोघांची समाईक धरली जाते. महाराष्ट्रात हिंदू जोडप्याने लग्नाआधी असा करार केला तर न्यायालय तो मानेलच याची खात्री नाही. या बाबतीत आपल्या मुस्लिम बहिणींच्या हातात जुन्या काळापासून एक साधन आहे आणि ते आपल्याकडे नाही. ते साधन वापरायचं राहून जातं, एवढंच.

आखातातल्या स्थळांबद्दल थोडं. 1991 मध्ये हैदराबादहून निघालेल्या विमानात अमृता अहलुवालिया या हवाई सुंदरीला एक लहान मुलगी रडताना दिसली. तिचं लग्न साठीच्या एका परदेशी माणसाशी लावून दिलं होतं. त्या बाईंनी विचारपूस केली आणि पोलिसांना कळवलं, म्हणून मुलगी वाचली. तसा प्रकार आपल्या भाभींच्या भाचीचा मुळीच नाही. मुलगा आपल्याच भागातला आहे, कष्टाळू आहे. पण आखाती देशांतल्या न्यायालयांचं काम मुख्यतः अरबीत चालतं. तिथे आपला कागद दाखवायचा तर त्याचं अधिकृत भाषांतर लागतं. त्याआधी तो कागद राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय आणि बऱ्याच देशांसाठी त्यांच्या दूतावासाकडून साक्षांकित करावा लागतो. म्हणजे अरबी जाणणारा माणूस लागतो, पण तो भाषांतरकार म्हणून आणि शेवटी. कागदात काय लिहायचं हे आधी आपल्या भाषेत ठरवायचं.

तर आम्ही भाभींसोबत बसून जे ठरवलं ते असं. मसुदा एका उर्दू शिकवणाऱ्या बाईंकडून ओळीओळीने मराठीत करून घेतला. मेहरची रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहायची, आणि 'लगेच' किती, 'पुढे' किती हे मराठीत लिहायचं. परदेशी असताना महिन्याला किती खर्च पाठवणार ते लिहायचं. मुलीचं बी.ए. पूर्ण होऊ द्यायचं. दुसरं लग्न केलं तर तिला तफवीज वापरता येईल, हे लिहायचं. मराठी आणि उर्दू अशा दोन्ही प्रतींवर दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या, आणि एक प्रत मुलीच्या स्वतःच्या ताब्यात. "मी पोटगी मागणार नाही" अशा तऱ्हेचं वाक्य कोणी घुसवलं तर सही करायची नाही.

हे वकिलाच्या नजरेखालून गेलं पाहिजे, आणि त्याला पैसे लागतातच असं नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती आहे ते बघत नाहीत. बुलढाण्याला न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या न्यायालयात समिती आहे. फोन 15100. निकाहनंतर नोंदणी करा. महाराष्ट्रात लग्नाच्या नोंदणीचा 1998 चा कायदा सर्व धर्मांना आहे. गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात नगरपरिषदेत नोंद होते. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सर्व लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं सांगितलं आहे. निकाहनामा एक कागद, नोंदणीचा दाखला दुसरा. दोन्ही लागतात.

भाभींच्या भाचीचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. अटी वाचल्यावर मुलाच्या घरून फोन आला. "लग्नाआधीच मोडायची भाषा कशाला?" असं त्याची आई म्हणाली. भाभी दोन दिवस गप्प होत्या. मग मुलीनेच मुलाला फोन केला. मेहर, महिन्याचा खर्च आणि शिक्षण ही तीन कलमं त्याने मान्य केली. तफवीजवर तो म्हणाला, घरी बोलून सांगतो. अजून उत्तर आलेलं नाही. निकाह दिवाळीनंतर आहे. मुलगी म्हणते, "खाला, ही ओळ नसेल तर मी त्या दिवशी कबूल म्हणणार नाही." घरातल्यांना तिची भीती वाटते आहे आणि अभिमानही वाटतो आहे.

भगिनींनो, आज घरी गेल्यावर पेटीतला आपला लग्नाचा कागद काढा. निकाहनामा असो, नोंदणीचा दाखला असो. सापडला तर कोणाकडून तरी वाचून घ्या. सापडला नाही तर पुढच्या बैठकीत सांगा, नोंदणीसाठी सगळ्या मिळून ग्रामपंचायतीत जाऊ. उर्दू वाचणाऱ्या त्या बाईंनीही यायचं कबूल केलं आहे.